जिथल्या तिथे

सोमवार

आले बाई एकदाची स्वतःच्या खोलीत. जन्मापासून दिसत नाही म्हणून घरात पाण्याचा पेलासुद्धा हातात मिळायचा. नातेवाईक दादाला श्रावणबाळ म्हणतात आणि त्याला ते फार गोड लागतं. आता कावड रिकामी झाल्यावर करील काय बिचारा? निघताना म्हणाला, पंधरा दिवसांत रडत येशील. अडीनडीला म्हणून दुसरी किल्लीही स्वतःकडे ठेवून घेतली.

प्रशिक्षणातल्या बाईंनी शिकवलं तसं सगळं लावलं. मीठ डावीकडे, साखर उजवीकडे, सुरीची मूठ माझ्याकडे, स्टूल टेबलाखाली. वस्तू जिथल्या तिथे असली की डोळ्यांवाचून अडत नाही. दाराआड कुणाचीतरी आंधळ्याची काठी सापडली, ती राहू दिली. मग चहा केला. अर्धा उतू गेला, पण माझ्या हातचा होता.

गुरुवार

कामावरून आले आणि खारट चहा प्यायले. मीठ उजवीकडे गेलं होतं. मीच घोळ घातला असेल.

घरमालकीण मावशींना काठीबद्दल विचारलं. म्हणाल्या, आधीचा भाडेकरूही आंधळाच, भारी शिस्तीचा. बहिणीने झाडताना त्याचं स्टूल हलवलं, तो त्यावरून आपटला तो गेलाच. शेवटपर्यंत एकच विचारत होता, स्टूल कुणी हलवलं. ऐकून वाईट वाटलं.

शनिवार

मीठ पुन्हा उजवीकडे. स्टूल खिडकीपाशी. सुरीचं पातं माझ्याकडे होतं, बोट चांगलंच कापलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. दुसरी किल्ली कुणाकडे आहे? मी घाबरून परत यावं म्हणून चाललंय हे. परत गेले तर जन्मभर दुसऱ्याच्या हातचा घास. थांब, श्रावणबाळा. तुझी खोड मोडली नाही तर नावाची नाही.

मंगळवार

कामावर जातेय असं वहिनीला मुद्दाम फोनवर सांगितलं आणि घरीच राहिले. बल्ब काढला, खिडकीला जाड चादरी लावल्या. टेबल, पलंग, कपाट, सगळं फिरवलं. स्टूल बरोबर वाटेत. ये म्हणावं माझ्या अंधारात, फुटू दे नडगी. कपाटाआड बसलेय. ब्रेलची पाटी मांडीवर, टोचणी हातात. मला लिहायला उजेड कशाला हवा?

दुपार. पावलं वाजली. दार कधी उघडलं कळलं नाही. मी कुलूप आतून फिरवलं, किल्ली मिठाच्या डब्यात टाकली आणि इतक्या वर्षांचं सगळं सुनावलं. फार बरं वाटलं. 

वहिनीला फोन केला, घेऊन जा तुमचं रत्न. ती म्हणाली, अगं, ते इथेच झोपलेत. तू गेलीस त्याच दिवशी जिन्यावरून पडले, पाय प्लास्टरमध्ये आहे. तुला कळलं तर सगळं सोडून धावत येशील, म्हणून त्यांनीच सांगू दिलं नाही.

मग हा —

एकदाही अडखळला नाही. काठी वाजतेय. दाराआडची.

मिठाचा डबा इथेच ठेवला होता. इथे नाही —

पलंग सरकला. टेबल. आता कपाट — माझ्यापुढे आडोसा उरला नाही.

विचारतोय. अगदी हळू. स्टूल कुणी हलवलं.

दुसरी किल्ली दादाकडे. पण दादाचा पाय —

ठेवते. जिथल्या तिथे ठेवते, मला फक्त —