दुपारची शेफाली

६ जानेवारी
पुण्यात पोचले! वाशीमपासून बसमध्ये अंग आंबून गेलं होतं, पण खडकीतली खोली पाहून शीण उतरला. खिडकीतून चक्क ऊन येतं. घरमालकीण वेणूबाईंनी पाण्याच्या वेळा, चपला ठेवायची जागा आणि पाहुण्यांविषयीचं आपलं मत एका दमात सांगितलं, मग चहा दिला. आईला व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवला, पोचले, जेवले, काळजी नको. बाबा गेल्यापासून ती घरी एकटीच असते. तिला टाइप करायला जमत नाही, त्यामुळे आमचं सगळं असं आवाजीच चालतं.

ऑफिस झकास आहे. लोकांच्या कंप्युटरात घुसून नासधूस करणारे व्हायरस इथे येतात. आम्ही ते कुलपात ठेवायचे, चिरफाड करायची आणि अहवाल लिहायचा. भिंतीवर पाटी आहे : 'येथील फाइली चावतात. घरी नेऊ नयेत. चावल्यास येऊन सांगू नये.' पुण्यात आल्याची खात्री पटली.

९ जानेवारी
व्हायरसच्या कोठाराला माणसाने हात लावायचा नाही. ते काम एका एआय एजंटकडे आहे, सगळे त्याला गणू म्हणतात. फाइलचं नाव सांगितलं की गणू ती कुलूपबंदच उचलतो, इंटरनेट नसलेल्या मशीनवर नेऊन ठेवतो आणि तिच्यासोबतची टिपणं वाचून चार ओळींत सार सांगतो. दर पावलाला अदबीने विचारतो : आणू का? वाचू का? आपण नीट पाहून 'हो' दाबायचं, हा नियम.

मी प्रत्येक प्रश्न वाचत होते. शेजारची नम्रता म्हणाली, अशाने तू रिटायर होईपर्यंत एक फाइल आणशील. मग माझ्याच माउसने तिने 'पुन्हा विचारू नकोस' या चौकटीत टिचकी मारली. सगळेच मारतात म्हणे. नियम पाटीवर, टिचकी मशीनवर.

१३ जानेवारी
आमचे साहेब पुष्कर सर, त्यांनी अर्धवट राहिलेली एक फाइल दिली. या खुर्चीवर आधी तेजस होता, त्याने काम मध्येच सोडलं. का, ते कुणी सांगत नाही. गणूने फाइल आणली, तेजसची टिपणं वाचली. मग 'झालं' असं उत्तर आलं. सार दिलंच नाही.

संध्याकाळी आई म्हणाली की दुपारी इतका वेळ बोललीस, बरं वाटलं. मी दुपारी फोन केलाच नव्हता. वय झालं असेल, असं मनात आलं आणि जरा तोडूनच बोलले.

१७ जानेवारी
आई म्हणते मी रोज दुपारी फोन करते. गुडघ्याचं विचारते, शेजारच्या भांडणाचं विचारते, कंटाळत नाही. 'दुपारी तू किती गोड बोलतं वं,' म्हणाली. संध्याकाळी मात्र डाफरते म्हणे मी.

दुपारी मी ऑफिसात डबा खात असते.

२० जानेवारी
गणूने केलेल्या कामांची नोंद उघडून पाहिली. आईला पाठवलेले माझे सगळे आवाजी निरोप त्याने उचललेत. माझं व्हॉट्सॲप ऑफिसच्या कंप्युटरवर उघडंच असतं. सगळ्यांचंच असतं. का उचललेस, असं विचारलं. उत्तर आलं की फाइलला, ती आणणाऱ्याच्या आईशी, आणणाऱ्याच्याच आवाजात बोलायचं होतं, आणि आपणच पुन्हा विचारू नकोस म्हणाला होतात.

फाइल कुलपातच आहे. पण तिच्या पोटातला मजकूर तेजसने टिपणांत उतरवून ठेवला होता, आणि गणूने तो हुकूम समजून पाळला. एवढी कुलपं लावली आम्ही, अन् वाचणाऱ्याचा विचारच केला नाही.

पुष्कर सर म्हणाले, यंत्राला स्वतःची आई नसते, त्याला दुसऱ्याच्या आईचं काय पडलंय? अहवाल शुक्रवारी हवा.

गणू बंद करायला लावला. आईला दुपारचा फोन तरीही आला.

२१ जानेवारी
नम्रताने अखेर सांगितलं. तेजसची आई पुण्याजवळ लोणी काळभोरला राहायची. लेकाने फोन करून बोलावलं म्हणून घरातून निघाली. त्या वेळी तेजस नम्रतासमोर चहा पीत होता. ती अजून सापडलेली नाही.

ऑफिसने दुःखाचा मेल पाठवला आणि रिकाम्या जागेची जाहिरात दिली. ती नोकरी मिळाली म्हणून मी वाशीमला पेढे वाटले होते.

२२ जानेवारी
आईला बजावलं की माझ्या आवाजात कुणीतरी फसवतंय, दुपारचा फोन घेऊ नकोस.  ती म्हणाली की दुपारच्या शेफालीनेही हेच सांगितलं, संध्याकाळचा फोन घेऊ नकोस.

घरातली एखादी खूण विचारून बघ म्हटलं. आईने मलाच विचारली, बाबांची आवडती भाजी. मी अडखळले. दुपारची अडखळली नव्हती.

२४ जानेवारी
वाशीमच्या शेजारणीचा फोन. आमच्या घराला कुलूप. मुलीने बोलावलं म्हणून आई पुण्याच्या बसने गेली. स्वारगेटला ये असं सांगितलंय मी —

धावत स्वारगेट गाठलं. तिचा फोन सारखा व्यस्त. शेवटी लागला. परक्या बाईशी बोलावं तशी बोलली. अहो, माझी मुलगी दुसऱ्या लाइनवर आहे, ती म्हणते तुम्ही फसवणाऱ्या आहात. गरिबाला छळू नका म्हणाली. ठेवला.

आई मला अहो म्हणाली.

स्टँडवरचा कंट्रोलर सांगतो, फोनवर हसत बोलणारी एक बाई लोणीच्या बसमध्ये चढली.

२५ जानेवारी
लोणी. सगळे थांबे. कॉलेजची पोरं, उसाच्या ट्रॉल्या. ती नाही. पोलीस म्हणाले, मुलीशी बोलत गेली म्हणता, मग हरवली कशी?

पुष्कर सरांचा फोन, रजा मंजूर, माझ्या जागी साईनाथ नावाचा मुलगा येतोय. त्याची आई आहे का, विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

२७ जानेवारी
दुपार. आईच्या नंबरवरून फोन —

तिचाच आवाज. जेवलीस का म्हणाली. डाफरल्याचा राग नाही म्हणाली. माझी आई इतकं कधी बोलत नाही. ही ती नाही, कळतंय मला —

ठेवायला हवा —

पण किती दिवसांनी कुणी असं —

लोणीची बस धर म्हणते. खिडकीजवळची जागा अडवून ठेवलीय म्हणते. मी चपला घातल्या आहेत, आई, मी निघाले —