सरूमावशींच्या वजनावरचं कुंकू

प्रिय ताई,

परवा तुझं प्रदर्शन मांडलं जाणार आहे. मंडईतच, एका रिकाम्या गाळ्यात, तुला हवं होतं तसंच. तुझ्या वर्गातल्या मुली आणि मॅडम मिळून मांडताहेत. वस्तू बारा आणि पाट्या अकरा. बारावी पाटी तू कोरी ठेवून गेलीस. ती आज मी लिहिली, आणि ती लावण्याआधी तुला सांगायलाच हवं असं वाटलं, म्हणून हे पत्र.

तू सार्वजनिक इतिहासात एम.ए. करायचं ठरवलंस तेव्हा आईने विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय गं?" तू म्हणालीस, "माणसांच्या घरात, दुकानात जो इतिहास पडलेला असतो, तो त्यांनाच विचारून लोकांसमोर मांडायचा." मग तू मंडईतल्या एकेका गाळ्यावरून जुनी वस्तू मागून आणायला लागलीस. आई म्हणायची, "मेथी आणायला पाठवावी तर ही मोडकं सूप घेऊन येते. आणि पुण्यात पाट्या कमी होत्या म्हणून आणखी बारा लिहिणार!" किती हसायचीस तू!

पाट्या आणि वहीतली टिपणं मात्र माझ्याकडून तपासून घ्यायचीस. मी बी.ए. अर्धवट सोडलेला, शनिवार पेठेतल्या टायपिंगच्या दुकानात दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करणारा. परीक्षेत मागचंच उत्तर पुन्हा पुन्हा तपासत बसायचो आणि पुढचे प्रश्न राहून जायचे. तू त्यावरून कधी बोलली नाहीस. फक्त म्हणायचीस, "तुझी लाल खूण झाली की मला झोप लागते."

डेंग्यूने तुला आठ दिवसांत नेलं. आठ दिवस, ताई! तापातही विचारत होतीस, "वस्तू नीट आहेत ना रे?" मी म्हटलं, "आहेत." ते तेव्हा खरं होतं.

महिन्यापूर्वी मॅडमचा फोन आला, प्रदर्शन करायचं म्हणून. मी विश्रांतवाडीच्या आपल्या खोलीत तुझं खोकं उघडलं. सगळ्यात खाली मंडईत भाजी विकणाऱ्या सरूमावशींचं दोन किलोचं लोखंडी वजन होतं. वरच्या खोलगट भागात काळपट, तेलकट थर साचलेला. मला वाटलं, तुझ्या प्रदर्शनात असं कळकट काही नको. तारेची घासणी घेतली, गरम पाणी घेतलं आणि दोन तास घासलं. पाणी लालसर झालं. मला तो गंज वाटला. शेवटी वजन असं चमकायला लागलं की मी आईला बोलावून दाखवलं.

मग पाटीसाठी तुझी वही काढली. तिथे लिहिलं होतं: "सरूमावशी. दर खंडेनवमीला वजनाला हळदकुंकू. आधी सासूबाई लावायच्या, मग या. कधी धुतलेलं नाही. हा थरच दाखवायचा आहे. पुसू नये."

त्या पानावर माझ्या लाल पेनाच्या तीन खुणा आहेत. म्हणजे मी ते पान वाचलं होतं! एकेक अक्षर तपासलं होतं. पण ताई, एवढं शिकलीस, तर मला एकदा तोंडाने का नाही सांगितलंस?

चार दिवस मी मंडईच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. एकदा तर वाटलं, खळग्यात नवं कुंकू भरावं, तेल लावावं, कुणाला कळणार आहे? कुंकवाची पुडी घेतलीही होती. पण पुडी सोडताना हात थांबला.

पाचव्या दिवशी वजन मावशींसमोर ठेवलं. त्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या.

"हे कुणाचं?"

"तुमचंच, मावशी."

"माझ्या वजनाने कधी आंघोळ केली नव्हती." त्यांनी वजन उलटंसुलटं केलं, खळग्यात बोट फिरवलं. "कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. स्वच्छ दिसावं म्हणून मीच..."

"पेठेत कामाला ना तू? तरीच एवढी स्वच्छता." मग एका गिऱ्हाइकाला त्यांनी दोन जुड्या दिल्या. ते गेल्यावर हळू म्हणाल्या, "सासूचं बोट होतं रे त्यात. खाली तिचं कुंकू, वर माझं. तिचा साधा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे."

मी तिथेच पोत्यावर बसलो.

"त्याच पोत्यावर बसायची तुझी बहीण," त्या म्हणाल्या. "दोनदा नाही म्हटलं तिला. तिसऱ्यांदा का दिलं, माहीत आहे? इतक्या वेळा आली, पण न विचारता एकदाही हात लावला नाही तिने."

मी वजन तिथेच ठेवून उठलो. त्यांनी हाक मारली. "अरे, हे ने की. तिने मागितलं होतं, तिला दिलंय. मांड तिच्या गाळ्यात. पण त्या पाटीवर खोटं लिहू नकोस."

"काय लिहू?"

"केलंस ते लिही. आणि खंडेनवमीला ये. सुरुवात पुन्हा करावी लागणार. माझे गुडघे काही अजून पन्नास वर्षं चालायचे नाहीत."

तर बारावी पाटी अशी: "सरूमावशींच्या गाळ्यावरचं वजन. सासूबाईंनी आणि त्यांनी दर खंडेनवमीला याला हळदकुंकू लावलं. तो थर, वस्तू जमवणाऱ्या विद्यार्थिनीच्या भावाने, कुणाला न विचारता घासून काढला." तुझी एक मैत्रीण म्हणाली, "हे असं कसं लावायचं?" मॅडमनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "हीच राहू दे." ही पाटी मी एकदाच तपासली, ताई. एकदाच!

बी.ए.चा फॉर्म पुन्हा कधी भरणार, ते आताच विचारू नकोस. पण एक शब्द देतो. प्रदर्शन उतरलं की बाराही वस्तू मी स्वतः ज्याच्या त्याच्या हातात नेऊन देईन. आणि येत्या खंडेनवमीला सरूमावशींच्या गाळ्यावर जाईन. आधी विचारेन. त्या हो म्हणाल्या, तर त्यांच्या बोटामागून एक बोट कुंकू तुझ्या नावाने लावेन, आणि पुढच्या वर्षी त्यावरच दुसरं.

तुझा,
धाकटा