भाव उतरवायला लागलेले एकेचाळीस दिवस

प्रिय चिमणे,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण मी अर्ध्यावर अडखळलो की तू "बाबा, जाऊ दे ना" म्हणतेस, आणि मीही लगेच जाऊ देतो. म्हणून कागद घेतला. पंपाच्या केबिनमध्ये बसलोय, दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक तुरळक. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो म्हणते, पण जिना चढताना अजून माझ्यापुढेच असते.

गेल्या महिन्यात तू विचारलंस, पेट्रोल एका दिवसात महागतं, मग स्वस्त व्हायला महिना का लागतो? तुझ्या प्रबंधासाठी हवं होतं. मी म्हणालो, "अगं, टाकीत महागात घेतलेला माल असतो. तो संपल्याशिवाय भाव कसा उतरवायचा?" तू शंकासुद्धा काढली नाहीस. एरवी भाजीवाल्यालाही उलटतपासणी घेतल्याशिवाय सोडत नाहीस.

आमची टाकी चार दिवसांत रिकामी होते. हे मी सांगितलं नाही. कंपनी फक्त आम्हाला माल कितीला द्यायचा ते ठरवते, पाटीवरचा भाव मीच ठरवतो, हेही नाही. आणि भाव चढतो त्या सकाळी टाकीत स्वस्तातलाच माल असतो, हेही नाही. कंपनीकडून भाव चढल्याचा फोन आला की चहा तसाच ठेवून मी लांब काठी घेतो आणि पाटीवरचे आकडे बदलतो. उतरल्याचा फोन आला की आधी चहा पितो, मग समोर बघतो. रस्त्यापलीकडच्या पंपाचा चष्मेवाला त्याच्या खिडकीतून माझी पाटी बघत असतो, मी माझ्या खिडकीतून त्याची. नवा होतो तेव्हा मी एकदा पहिल्याच दिवशी भाव उतरवला होता. तासाभरात त्यानेही उतरवला. गिऱ्हाईक होतं तिथेच राहिलं, नफा मात्र दोघांचाही गेला. दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "काय घाई होती हो?" तेव्हापासून या विषयावर आम्ही अवाक्षर बोललेलो नाही. गरजच पडली नाही.

लोकांचंही बघ ना. भाव चढला की चार पंप पालथे घालतात, मला शिव्या घालतात. उतरायला लागला की कुणी चौकशीसुद्धा करत नाही. थोडासा कमी केला तरी खूश. मागे एक टॅक्सीवाला काच खाली करून म्हणाला, "देव तुमचं भलं करो." रोज सकाळी पंप उघडण्याआधी मी डोळे मिटून त्याच देवाचं नाव घेतो गं. त्या दिवशी मला त्या माणसाकडे बघवेना.

या खेपेला तर मी हद्द केली. कंपनीचा भाव उतरला आणि एकेचाळीस दिवस मी पाटीला हात लावला नाही. चष्मेवाल्यानेही लावला नाही. विसाव्या दिवशी तुझा मामा आला. तो शाळेची व्हॅन माझ्याकडेच भरतो, आणि घरचा पंप म्हणून पाटीकडे कधी बघत नाही. टोपी हातात घेऊन म्हणाला, "दाजी, टेकडीपलीकडच्या वस्तीची फेरी बंद केली. पाच पोरांसाठी एवढं पेट्रोल परवडत नाही हो." वर त्यानेच माझी समजूत काढली, "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? भाव काय तुमच्या हातात आहे?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्या पाचांपैकी तिघं आता चालत येतात. दोन लहान मुली घरीच बसल्यात. मी स्वतः दीड तास चालत शाळेला गेलेला माणूस आहे. ओल्या चपलांनी पायाला कुठे फोड येतो, ते मला कुणी सांगायला नको. तरीही त्यानंतर एकवीस दिवस मी रोज समोरच्या पाटीकडे बघत राहिलो.

काल तुझा प्रबंध वाचायला आला. इंग्रजी जमेल तसं, शब्दकोश घेऊन वाचलं. सतराव्या पानावर मी सांगितलेलं टाकीचं कारण आहे, आणि खाली तू लिहिलंयस की ही माहिती एका प्रामाणिक विक्रेत्याने दिली. आज सकाळी मी भाव उतरवला. तासाभरात चष्मेवाल्यानेही उतरवला. तिथून तडक मामाकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, व्हॅनची किल्ली उचलली आणि मला दारातच ठेवून निघून गेला. त्याचं बरोबर आहे. शुक्रवारी तुला प्रबंध द्यायचा आहे, त्याआधी ते पान बदल. वर लिहिलंय तसंच्या तसं घाल. माहिती कुणी दिली असं विचारतील, तेव्हा माझं नाव सांग आणि नातंही सांग. देवाला मी हे रोज सांगत होतो. ते सोपं होतं, त्याला आधीच ठाऊक होतं. तुला ठाऊक नव्हतं.

तुझाच,
बाबा