आळीच्या अर्जातलं सहावं कलम

बाई,

तुमची आळी अजून उभी आहे. जांभ्याचे ओटे, लाकडी खांब, उतरती कौलं, सगळं तसंच. लांबून लोक पाहायला येतात आणि ती कशी वाचली ते सांगायला मला बोलावतात. मी सांगतो, पण सगळं सांगत नाही.

नगरपालिकेत आरेखक म्हणून लागून मला वर्षही झालं नव्हतं. बाजारातून एस.टी. स्टँडाकडे रुंद रस्ता काढायचं ठरलं आणि नकाशावर तांबडी रेघ मी ओढली. ती आळीतल्या एकूण एक ओट्यावरून जात होती. दुसऱ्याच दिवशी तुम्ही बोलावणं धाडलंत. तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसलोय, तुम्ही तव्यावरची तांदळाची भाकरी उलटताय आणि माझ्याकडे न बघताच म्हणताय, "नकाशा काढायला तुला मी शिकवलं. तो यासाठी?"

मग सुट्टीच्या दिवशी आपण आळी मोजू लागलो. मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरायला कचेरीतला शिपाई यायचा. मूळचा महाडजवळच्या कापडे गावचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. तरुणपणी चवदार तळ्याचं पाणी प्यायला गेलेल्यांत तो होता. मापं झाली तसा तुम्ही अर्ज लिहिलात: रस्ता आळीबाहेरून न्यावा, आत कुणी ओटा तोडू नये, पुढचं छप्पर कौलारूच ठेवावं, अशी पाच कलमं. घरोघर फिरून सह्या घेतल्यात. शेजारणीचा मुलगा मुंबईत गिरणीत, तिला स्लॅबचं घर हवं होतं. तिच्या दारात तुम्ही तीनदा गेलात.

एका दुपारी ओट्यावर बसून तुम्ही अर्ज मला वाचून दाखवलात. शिपाई खाली रस्त्यावर साखळी गुंडाळत होता. तुम्ही त्याला सहज विचारलंत, "बरा झालाय का?"

"बरा हाय, बाई. ओटं ऱ्हावं. पन त्या ओट्यावर आमाला आजून कुनी बस म्हनलं नाय."

मी मान खाली घातली. इतके दिवस तो खाली उभा होता आणि आपण दोघं वर बसून चहा घेत होतो.

"वर या," तुम्ही म्हणालात. तो आला, कडेला टेकला. "आज तुमी बोलावलंत. बाकीची बोलावतील?"

तुम्ही तिथेच सहावं कलम लिहिलंत: पालिका जे ओटे राखील, त्यांवर बसायला कुणालाही मज्जाव नसावा.

दोन दिवसांत लोक सह्या खोडून मागू लागले. "खोडू देत, कलम राहील," तुम्ही म्हणालात. पण त्याच सुमारास तुम्ही अंथरूण धरलंत आणि शुद्ध प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. आळीतल्याच एका वजनदार गृहस्थांनी मला गाठलं. "पाच कलमं ने, सगळे सह्या देतो. सहावं ठेवणार असशील तर ओटे गेले तरी चालतील आम्हाला." मी पाचच नकलून नेली. ठराव मंजूर झाला, रस्ता बाहेरून गेला.

तुमच्या उशाशी बसून मी ते सांगितलं. तुम्ही विचारलंत, "सगळी कलमं?" मी म्हणालो, "सगळी." तुम्ही डोळे मिटून हसलात. पंधरवड्यानं गेलात.

सभेत ठराव वाचला तेव्हा शिपाई दाराशी उभा होता. त्याच्या ध्यानात आलंच असणार. तुम्हाला त्यानं सांगितलं नाही, मलाही विचारलं नाही. पुढे कितीतरी वर्षं साखळीचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं माझ्या हातात होतं. बोलायला दिवसच्या दिवस होते. मी मापं तेवढी सांगत राहिलो. आता तोही नाही.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून खरं सांगतो बाई. आज मी त्यालाच लिहायला बसलो होतो. पण सुरुवातीला काय म्हणून हाक मारायची, तिथेच अडलो. जन्मभर मी त्याला 'अरे' म्हणत होतो.