सहा वेळा एकच पुस्तक

नवीन जालना, ३० जून

सौ. द्वारकास कारभारीचा आशीर्वाद.

आपल्या पोराकडे, भागवतकडे, सगळे बरे आहेत. मी डोळ्यांत औषध बराबर टाकतो.

तुझ्या नातीनं, शालूनं, यंदा मला वर्षात बारा पुस्तकं वाचायचा नेम लावून दिला. अर्धं वर्ष झालं म्हणून काल विचारलं, किती झाली? मी सहा सांगितली. तिनं नावं विचारली, तर एकच निघालं.

"आबा, एकच सहा वेळा वाचलं! ही काय पोथी हाय पारायण करायला?"

मंग सहा धरायची की एक, मला समजेना.

वर विचारते, आवडतं कोणतं, नावडतं कोणतं? दोन्ही तेच. त्यातली म्हातारी तुझ्यासारखी एकटीच बडबडत घर झाडते. शेवटी आजारी पडते, तेव्हा जवळ कोणी नसतं. दर वेळी वाटतं, आता तरी कोणी येईल.

तुझा खोकला गेला का? खरं सांग.

शनिवारच्या बसनं मीच येतो.

कारभारी