पुन्हा तोच टायर

चि. छकुली, आईबाबांचा तुझ्या डोक्यावर हात.

आमच्या वाळवंटातल्या सहलीचा आज तिसरा दिवस. जेवण वेळेवर, गाडी चालवणारा गाइड हसतमुख. तुझा खोकला गेला का?

सकाळपासून एक फाटका टायर तीनदा दिसला. मी तीस वर्षं बस चालवली, गोल फिरतोय हे मला कळतंच. गाइड म्हणतो, “काका, इथे टायर पुष्कळ पडलेत.” पाण्याचा एकच कॅन उरलाय. आईला बोललो नाही, उगाच तिचा जीव टांगणीला.

आत्ता पुन्हा तोच टायर! गाडी थांबलीय. आई हळूच म्हणाली, “तो बघा माझा रुमाल. सकाळी थांबलो तेव्हा मीच त्याला बांधला. तुम्ही घाबराल म्हणून गप्प बसले.” आणि पिशवीतली न उघडलेली बाटली माझ्या हातात दिली.

पत्राची पेटी दिसली की हे टाकतो.

तुझे बाबा