आजोबांची काउंटी

शनिवार, १४ ऑक्टोबर २०१७, एडमंटन

संस्कृत शिकवणाऱ्या गोऱ्या प्राध्यापकाला "तुम्ही याकडे कसे वळलात?" असे लोक कौतुकाने विचारतात, आयर्लंडचा इतिहास शिकवणाऱ्या मला तेच संशयाने विचारतात. असे का? आमच्या आयरिश अभ्यास मंडळात वक्त्याने आधी आजोबांची काउंटी, म्हणजे आयर्लंडमधला त्यांचा जिल्हा, सांगायची आणि मगच निबंध वाचायचा, अशी प्रथा आहे. आज मीटिंगनंतर अध्यक्षा मार्गारेट हळूच म्हणाली, "परिषदेच्या उद्घाटनाचे तुझे भाषण पॅट्रिककडे देऊ या. तू भारत-आयर्लंड तुलनेवर बोल ना, लोकांना आवडेल." पॅट्रिकचे आजोबा आयर्लंडमधले. तीस वर्षे मी आयरिश स्थलांतरितांची पत्रे वाचतो आहे, आणि आता तुलना? मी स्पष्ट नकार दिला. ठरल्याप्रमाणे भाषण मीच करणार, आणि त्या पत्रांवरच.

घरी सुनंदा हसत म्हणाली, "अहो, काउंटी सातारा म्हणून सांगा की!" सांगेनही. पण ही काउंटी नेमका कशाचा पुरावा? आयरिश रक्त असले म्हणून पुसट हस्ताक्षर वाचता येते काय?

आत्ताच मार्गारेटला ईमेल पाठवली: माझ्या आणि पॅट्रिकच्या निबंधांवरची नावे झाक, दोन्ही एखाद्या अनोळखी विद्यार्थ्याला वाचायला दे, आणि आधी कोणता ऐकायला आवडेल, ते त्यालाच विचार.